सामना पाहणे सोडू नकोस

रामबाग, इंदूर
दि. १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र त्रिपुरी पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी मिळाले. उत्तराला आठवडाभर उशीर झाला, कारण त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती. ३० ऑक्टोबरच्या रात्री महिला क्रिकेट विश्वचषकातला ऑस्ट्रेलियाविरुद्धचा उपांत्य सामना ऐन रंगात असताना छातीतली धडधड सहन होईना म्हणून तू टीव्ही बंद केलास आणि अंथरुणावर जाऊन पडलास. सकाळी वहिनींनी जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांची आणि भारताच्या विजयाची बातमी सांगितली, तेव्हा तुला आनंद झालाच नाही. दुसऱ्याच्या घरच्या लग्नाची पत्रिका वाचावी तसे वाटले, असे तू लिहितोस. तीन दिवसांनी मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तोही तू पाहिला नाहीस. आणि आता यापुढे क्रिकेट पाहणे कायमचे सोडणार असल्याचे कळवतोस. गेली पन्नास वर्षे आपण दोघे ज्या एका गोष्टीवर सर्वांत अधिक बोललो, ती तू अशी दोन ओळींत संपवलीस, याचे मला खरोखर वाईट वाटले.

तुझा धीर कुठे सुटला ते मला ठाऊक आहे, कारण त्या जागी मी स्वतः होतो. १९ ऑक्टोबरला इंग्लंडविरुद्धचा सामना मी मुलीसोबत आपल्या होळकर स्टेडियमवर बसून पाहिला. हीदर नाइटच्या १०९ धावांच्या बळावर इंग्लंडने ८ बाद २८८ धावा केल्या होत्या. हरमनप्रीत ७० करून गेली, तरी स्मृती मानधना खेळत होती तोवर सामना आपलाच होता. आमच्या पुढच्या रांगेतली मंडळी विजय साजरा करायला राजवाड्यावर किती वाजता जमायचे ते ठरवू लागली होती. मग स्मृती ८८ वर झेल देऊन परतली, दीप्ती शर्मा अर्धशतक करून गेली, आणि शेवटच्या षटकात १४ धावा हव्या असताना ९ निघाल्या. चार धावांनी पराभव, तोही लागोपाठ तिसरा. बाहेर पडलो तेव्हा रस्ताभर आकाशकंदील लागलेले होते, दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान होते, आणि त्या हजारो माणसांत कोणी कोणाशी बोलत नव्हते. मुलगी घरी येईपर्यंत माझा हात धरून चालली. ती आता २६ वर्षांची आहे. रस्त्यात असा हात धरायचे तिने शाळेत असतानाच सोडले होते.

त्या रात्री तू पहाटेपर्यंत जागा होतास. मी मात्र साडेबाराला झोपलो आणि पहाटे उटणे लावायला वेळेवर उठलो. माझे प्रेम तुझ्याहून कमी आहे असे तू म्हणणार नाहीस याची मला खात्री आहे. गेल्या दोन वर्षांत माझ्यात काय बदलले ते तुला कधी सांगितले नव्हते, कारण त्याच्या मुळाशी एक लाजिरवाणी गोष्ट आहे. ती आज सांगतो.

१९ नोव्हेंबर २०२३. पुरुषांच्या विश्वचषकाचा अहमदाबादचा अंतिम सामना. सलग दहा सामने जिंकून आपण तिथे पोहोचलो होतो आणि २४० धावांत बाद झालो होतो. ऑस्ट्रेलियाचे ४७ धावांत तीन गडी गेले, तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बजावले की जो जिथे बसला आहे त्याने तिथून हलायचे नाही. ही सवय आपल्या दोघांनाही लहानपणापासूनची. बॅटरीच्या ट्रान्झिस्टरसमोरही आपण मांडी बदलत नसू. पुढे ट्रॅव्हिस हेड आणि लाबुशेन यांची १९२ धावांची भागीदारी झाली, आणि ती जसजशी वाढत गेली तसतसा मी अधिकच हट्टाला पेटलो. त्या दरम्यान बाबांनी मला न्हाणीघरापर्यंत हात देण्यास सांगितले. ते तेव्हा ८४ वर्षांचे होते. मी पडद्यावरची नजर न काढता म्हणालो, "बाबा, पाच षटके थांबा." ते थोडा वेळ थांबले, मग एकटेच उठले आणि उंबऱ्याशी अडखळून पडले. हाड मोडले नाही, कोपर सोलवटून निघाले. पट्टी बांधताना त्यांनी मला उलट विचारले, "किती झाल्या?" मित्रा, त्या रात्री सामना हरल्याचे दुःख मला झालेच नाही, कारण त्याहून मोठे दुःख उंबऱ्यावर पडले होते.

मीही तेव्हा तुझ्यासारखेच ठरवले होते की आता हे सगळे बंद. ते बाबांनीच होऊ दिले नाही. चार दिवसांनी त्यांनी मला जवळ बसवून विचारले की तू त्या जागेवरून उठला असतास तर हेड बाद झाला नसता असे तुला खरेच वाटत होते का. मी उत्तर देऊ शकलो नाही. नंतर पुष्कळ विचार केला तेव्हा लक्षात आले की मला तसे वाटत नव्हते. मला केवळ काहीतरी करायचे होते. ज्यात आपला जीव गुंतला आहे त्यासाठी आपल्या हातून काहीही होऊ शकत नाही, ही गोष्ट सोसवत नाही म्हणून माणूस मांडी आवळून बसतो, जुना सदरा घालतो, शेवटचे षटक भिंतीकडे तोंड करून काढतो. तो ताण रिकाम्या हातांचा असतो.

म्हणून मी हातांना काम दिले. नेहरू स्टेडियमवर क्लबांचे सामने चालतात तिथे गुणलेखन करणारे एक वयस्क गृहस्थ आहेत, त्यांच्याशेजारी सहा-सात रविवार बसून मी रीतसर धावपुस्तक लिहायला शिकलो. प्रत्येक चेंडूची नोंद फलंदाजापुढे वेगळी आणि गोलंदाजापुढे वेगळी करायची, निर्धाव चेंडूला ठिपका, निर्धाव षटक पडले की ते ठिपके जोडायचे, अवांतर धावा त्यांच्या रकान्यात, गडी बाद झाला की तेव्हाची धावसंख्या खाली, आणि प्रत्येक षटकाच्या शेवटी दोन्ही बाजूंची बेरीज जुळवून पाहायची. ऐकायला हे कारकुनी वाटेल. पण एकदा बसून पाहा. मन सारखे पुढच्या षटकांकडे, "आता काय होणार" याकडे धावत असते. वहीला मात्र झालेल्या चेंडूशिवाय काहीच ठाऊक नसते, आणि ती तुला दर वेळी तिथे परत आणते. १९ ऑक्टोबरला शेवटचे षटक सुरू होताना माझा हात थरथरत होता, आकडे वाकडे आले आहेत, पण बेरीज चुकलेली नाही.

वहीने आणखी एक गोष्ट केली, जिची मला अपेक्षा नव्हती. सामना संपल्यावर आसपासचे सगळे स्मृतीच्या त्या एका फटक्यावर तुटून पडले होते, आणि तुझ्या पत्रातही तिच्याविषयी जे शब्द आहेत ते तुला शोभत नाहीत. माझ्यासमोर तिच्या ८८ धावा एकेक करून लिहिलेल्या होत्या. बाद झाल्याची खूण शेवटच्या एका घरात होती. त्याच्या मागे पूर्ण दोन ओळी भरल्या होत्या. त्या ओळींशिवाय चार धावांनी हरण्याइतके जवळ आपण गेलोच नसतो. राग ओसरायला मला एवढे पुरले. जिला त्या दिवशी संघाबाहेर बसवले होते त्या जेमिमाने अकरा दिवसांनी काय केले ते तू पाहिलेच नाहीस. तुमच्या बडोद्याकडून खेळणारी राधा यादव अंतिम सामन्यात मैदानावर होती, तेही तुझे हुकले.

धडधडीविषयी मात्र मी तुझ्याशी कठोर होणार आहे. ती मनाची दुर्बलता समजून लपवू नकोस. २००६ साली जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला, तेव्हा म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी नोंदी तपासल्या, आणि जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या २.६६ पट झाल्याचे त्यांना आढळले. ज्यांना आधीपासून हृदयाचा विकार होता त्यांना धोका आणखी अधिक होता. शरीर सामन्याला खेळ समजत नाही. तुझा रक्तदाब गेली सहा वर्षे वरचा आहे, आणि वहिनी लिहितात की सामन्याच्या दिवशी तू गोळी विसरतोस, जेवत नाहीस, चहावर चहा घेतोस. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि त्यांना सामन्याच्या दिवशी काय होते ते नीट सांग. छातीत दुखले, हाताकडे कळ गेली, तर किती षटके उरली आहेत हे पाहत बसायचे नाही. "पाच षटके थांबा" या शब्दांची किंमत मी मोजली आहे. क्रिकेट सोडायचे की नाही हे त्यानंतर ठरव.

आणि एकट्याने पाहू नकोस. मला वाटते तुझा अर्धा त्रास यातच आहे. मुले पुण्याला गेल्यापासून तू दार लावून, हातात मोबाइल घेऊन, अनोळखी माणसांच्या शिव्या वाचत सामना पाहतोस. हरल्यावर त्या शिव्याच सोबतीला उरतात. मी सामना संपला की मोबाइल स्वयंपाकघरात ठेवतो आणि सकाळपर्यंत उचलत नाही. शेजारच्या काकांना बोलावून बाबांच्या खाटेजवळ सगळे बसतो. षटकांच्या मध्ये बाबांना औषध देणे, उठवणे, बसवणे हे माझे काम आहे. सामना थांबत नाही, मी उठतो.

तुला आपले आजोबा आठवतात का? माझे आजोबा इंदूरच्या होळकर संघाच्या बाजूचे, तुझे मूळचे बडोद्याचे, आणि दोघांचे भांडण १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यावरून आमच्या ओसरीवर तीस वर्षे चालू होते. त्या सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली, बडोद्याने ७८४ धावा केल्या आणि होळकर संघ एक डाव आणि ४०९ धावांनी हरला. तुझे आजोबा तो आकडा उच्चारताना टाळी वाजवत. माझे आजोबा त्यावर १९४५ चा मुंबईविरुद्धचा अंतिम सामना काढत, ज्यात होळकरांपुढे ८६७ धावांचे लक्ष्य होते आणि होळकरांकडून खेळणारा इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन नाबाद २४९ वर उभा राहिला. तोही सामना आपण ३७४ धावांनी हरलोच होतो! सी. के. नायडूंच्या त्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, पण आजोबा जीव ओतून सांगत ते या हरलेल्या सामन्याविषयी. लहानपणी मला हे कळत नसे.

१९९९ सालीही तू असेच म्हणाला होतास. रणजीच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशने पहिल्या डावात आघाडी घेऊनही बंगळूरला शेवटच्या दिवशी कर्नाटककडून ९६ धावांनी मार खाल्ला, चंद्रकांत पंडित कर्णधार होते, आणि तू बडोद्याहून दूरध्वनी करून सांगितलेस की आता या संघाचे नाव काढू नकोस. २३ वर्षांनी त्याच मैदानावर तेच पंडित प्रशिक्षक म्हणून उभे होते आणि मध्य प्रदेशने मुंबईला सहा गड्यांनी हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या २६ जूनला तू मला तीन वेळा दूरध्वनी केलास, आणि तिसऱ्या वेळी आपण दोघेही बोलू शकलो नाही. त्या रडण्यात १९९९ चा तो शेवटचा दिवस होता, हे तुलाही ठाऊक आहे. ३१ ऑक्टोबरच्या सकाळी तुला काही वाटले नाही, याचे कारण मला यातच दिसते. आदल्या रात्रीची भीती तू पुरती सोसलीच नव्हतीस.

आता कामाचे. न्यूझीलंडचा संघ जानेवारीत येतो आहे. पहिला एकदिवसीय सामना ११ तारखेला तुमच्या कोटंबीच्या मैदानावर आहे आणि तिसरा १८ तारखेला आमच्याकडे. मी १० तारखेला सकाळी बडोद्याला पोहोचतो, सामना आपण दोघे पाहू, आणि पुढे तू माझ्याबरोबर इंदूरला ये. वहिनींनाही आण, सौ. त्यांची वाट पाहते आहे. तिकिटांची व्यवस्था मुलगी करणार आहे. एक कोरे धावपुस्तक तुझ्यासाठी आणून ठेवले आहे. ते या पत्रासोबत पाठवत नाही, कारण पहिली दोन-तीन षटके शेजारी बसून शिकवावी लागतात. पेन्सिल चांगली घे, शाईने लिहिले की खाडाखोड होते.

डॉक्टर काय म्हणाले ते लगेच कळव. बाबा तुझी आठवण काढतात आणि बडोद्याचा संघ यंदा कसा आहे ते विचारतात.

तुझा बालमित्र