‘पानी’ म्हणणारं मूल अशुद्ध बोलत नाही

महोदय,

‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटलं की वर्गात मुलाला सगळ्यांदेखत हटकलं जातं. मूळ संस्कृत शब्द ‘पानीय’. त्यातल्या ‘न’चा मराठीत ‘ण’ झाला. उलट ‘पर्ण’चं ‘पान’ आणि ‘कर्ण’चा ‘कान’ प्रमाण मराठीनेच केला. मग एकट्या ‘पानी’लाच नाक का मुरडायचं? कमीपणा ध्वनीत नसतो, तो बोलणाऱ्याच्या जातीवर्गाला चिकटवलेला असतो.

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबाव यांनी १९६२ मध्ये न्यू यॉर्कच्या तीन दुकानांतल्या विक्रेत्यांकडून ‘फोर्थ फ्लोअर’ हे शब्द वदवून घेतले, नीट ऐकू आलं नाही असं भासवून पुन्हा वदवले. महागड्या दुकानात या शब्दांतल्या, तिथे प्रतिष्ठेच्या मानल्या जाणाऱ्या ‘र’चा उच्चार सर्वांत जास्त, स्वस्त दुकानात सर्वांत कमी, दुसऱ्यांदा जपून बोलताना तो वाढला. आपल्याकडेही साहेबांपुढे ‘ण’ सांभाळणारा माणूस पारावर ‘पानी’च म्हणतो. तिथे ‘ण’ उच्चारला तर ‘लई शाना झाला’ हे ऐकावं लागतं.

शिक्षकांनी ‘ण’ जरूर शिकवावा, पण मूल बोलत असताना त्याला तोडू नये. ‘न’ला जीभ दातांमागे, ‘ण’ला शेंडा मागे वळवून टाळूला, ‘मन–मण’, ‘तन–तण’ अशा जोड्या घ्याव्यात. नुसता धाक घातला तर मूल ‘मनापासून’लाही ‘मणापासून’ म्हणू लागतं, नाहीतर गप्प बसतं.

— एक भाषा अभ्यासक