वाचकसंख्येचा अंदाज हा अंदाज म्हणूनच छापावा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात नुकतीच मराठी वृत्तसंकेतस्थळांची वाचकसंख्येनुसार क्रमवारी प्रसिद्ध झाली. यादीखाली बारीक टाइपात ट्रॅफिकचे, म्हणजे संकेतस्थळांवरील भेटींचे, आकडे पुरवणाऱ्या एका कंपनीचा हवाला होता. मात्र ते आकडे मोजलेले नसून बाहेरून बांधलेले अंदाज आहेत, हे कोठेही म्हटलेले नव्हते. एरवी ही बाब किरकोळ ठरली असती. परंतु खासगी जाहिरातदार अशा याद्या पुढ्यात ठेवूनच दर ठरवतात आणि केंद्र सरकारच्या २०२३ च्या डिजिटल जाहिरात धोरणातही दरांची सांगड वाचक-प्रेक्षकसंख्येशी घातलेली आहे. त्यामुळे हे आकडे येतात कोठून, हे वाचकांना कळायला हवे.

कोणत्याही संकेतस्थळाला किती लोक भेट देतात याची प्रत्यक्ष नोंद फक्त त्याच्या मालकाकडे असते. त्रयस्थ कंपनीला ती दिसत नाही, म्हणून ती दोन मार्गांनी अंदाज बांधते. पहिला मार्ग पॅनेलचा. ब्राउझरमध्ये बसवायचा छोटा जोड-प्रोग्रॅम (एक्स्टेन्शन), मोबाइल अ‍ॅप अशा वाटांनी ज्यांच्या वावराची माहिती मिळते, अशा लोकांचा गट नमुना म्हणून घ्यायचा आणि त्यावरून साऱ्या जगाचा हिशेब मांडायचा. सिमिलरवेब या कंपनीची पद्धत मुख्यतः या जातीची आहे. काही संकेतस्थळे आपण होऊन देतात ते आकडेही ती त्यात मिसळते. दुसरा मार्ग शोधशब्दांचा. कोणत्या शब्दाला गूगलवर एखादे पान कितव्या क्रमांकावर दिसते, तो शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो आणि त्या क्रमांकावर सरासरी किती जण क्लिक करतात, यांच्या गुणाकारातून एचरेफ्ससारखी साधने शोधयंत्राकडून येणाऱ्या वाचकांचा आकडा काढतात.

पॅनेलचे गणित मोठ्या संकेतस्थळांना बरे लागू पडते, लहानांना नाही. समजा, दर हजार वाचकांमागे एक जण पॅनेलमध्ये आहे. महिन्याला दोन कोटी वाचक असलेल्या संकेतस्थळाचे वीस हजार वाचक पॅनेलमध्ये सापडतील आणि निव्वळ योगायोगाने होणारी चूक दीड टक्क्याच्या आत राहील. वीस हजार वाचक असलेल्या संकेतस्थळाचे मात्र पॅनेलमध्ये जेमतेम वीस जण असतील. तेथे अंदाज अकरा हजारांचा येऊ शकतो किंवा एकोणतीस हजारांचाही, आणि सांख्यिकीच्या नियमाने दोन्ही शक्यतेच्या कक्षेतच बसतात. तरीही पडद्यावर आकडा येतो तो शेकड्यापर्यंत काटेकोर दिसणारा. पुरेशी माहिती नसल्यास जी साधने आकडाच दाखवत नाहीत, त्यांच्यावर माझा विश्वास अधिक आहे.

हे सारे गणित खरे, ते पॅनेल खरोखर यादृच्छिक, म्हणजे कोणताही कल न ठेवता निवडलेले, असेल तर. तसे ते नसते. अ‍ॅलेक्साची क्रमवारी (आवाजी मदतनीस नव्हे, संकेतस्थळांचे क्रमांक लावणारी सेवा) अनेकांना आठवत असेल. १९९६ मध्ये सुरू झालेली, १९९९ मध्ये अ‍ॅमेझॉनने घेतलेली आणि २०२२ च्या मे महिन्यात बंद पडलेली ही सेवा सुरुवातीची कित्येक वर्षे आपला टूलबार (ब्राउझरमध्ये जोडायची पट्टी) बसवणाऱ्यांच्या वावरावर चालत होती. टूलबार बसवणाऱ्यांत वेबसाइट चालवणाऱ्यांचाच भरणा मोठा, म्हणून त्यांच्या आवडीच्या स्थळांचे क्रमांक फुगलेले दिसत. कचेरीतल्या सगळ्या संगणकांवर टूलबार बसवून आपला क्रमांक वर चढवण्याची युक्तीही तेव्हा सर्रास सांगितली जाई. एक लाखाच्या पुढचे क्रमांक विश्वसनीय मानू नयेत, असे खुद्द अ‍ॅलेक्सा सांगत असे. पण ती सूचना वाचणारे थोडे आणि क्रमांक मिरवणारे फार.

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत हा कल आणखी तिरका होतो. आपला वाचक प्रामुख्याने मोबाइलवर आहे आणि अँड्रॉइडवरील क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालतच नाहीत. म्हणजे एक्स्टेन्शनवर उभ्या असलेल्या पॅनेलला तो दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातून आलेली लिंक किंवा गूगल आपण होऊन सुचवते त्या डिस्कव्हर फीडमध्ये समोर आलेली बातमी उघडणाऱ्या वाचकाने कोणताही शोधशब्द टाइप केलेला नसतो, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीच्या हिशेबातही तो येत नाही. जे शोधतात, तेही पुष्कळदा मराठी शब्द रोमन लिपीत, प्रत्येक जण वेगळ्या स्पेलिंगने लिहितात. शिवाय बीबीसी मराठी हे स्वतंत्र डोमेन (इंटरनेटवरचा वेगळा पत्ता) नाही, बीबीसीच्या जागतिक डोमेनचा तो एक विभाग आहे. डोमेननिहाय यादीत तिला कोठे ठेवणार?

आकडा घसरला म्हणजे वाचक घटले, असेही नेहमी नसते. अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीची जम्पशॉट ही उपकंपनी ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती विकत होती. जानेवारी २०२० मध्ये ते उघडकीस आल्यावर ती तातडीने बंद करण्यात आली आणि पुढे २०२४ मध्ये या प्रकरणी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. अशी माहिती विकत घेणाऱ्यांचा कच्चा माल त्या दिवसापासून आटला. स्रोत बदलला की आलेख उडी मारतो, वाचक मात्र जागच्या जागी असतात.

मालकाच्या स्वतःच्या मोजणीतही दोष आहेतच. मी एका छोट्या नियतकालिकाचे संकेतस्थळ सांभाळतो. त्याचा सर्व्हर लॉग, म्हणजे संकेतस्थळाकडे आलेल्या प्रत्येक मागणीची नोंद, मध्यरात्रीनंतरचा उघडावा, तर गूगलबॉट, बिंगबॉट, जीपीटीबॉट अशा, पाने आपोआप चाळणाऱ्या यंत्रांच्याच (बॉटच्याच) ओळी एकामागून एक लागलेल्या दिसतात. माणूस मधूनच एखादा. हा लॉग सरसकट मोजला तर वाचक फुगतात. उलट, भेटी मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्सला अ‍ॅड ब्लॉकर वापरणारे वाचक बरेचदा दिसत नाहीत, आणि सकाळी फोनवर व दुपारी कचेरीतल्या संगणकावर वाचणारा एकच गृहस्थ दोनदा मोजला जातो. आमच्याकडे दिवाळी अंकाच्या आठवड्यात वाचकांची जी गर्दी दोन्ही नोंदींत ठळक दिसते, तिचा मागमूसही एका नामवंत साधनाच्या मासिक आलेखात नव्हता.

या साधनांचा उपयोगच नाही, असे मला म्हणायचे नाही. दोन मोठ्या स्पर्धकांपैकी कोण कितपत पुढे आहे आणि वर्षभरात कल कोणत्या दिशेला आहे, हे त्यातून पुष्कळदा नीट कळते. आपल्या यादीतील पहिल्या तीन-चार नावांविषयी माझी तक्रार नाही. मात्र खालच्या भागात एकेका पायरीच्या फरकाने जी चढाओढ दाखवली आहे, तिला आधार नाही. छापील खपासाठी १९४८ पासून ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्सचे दर सहामाही प्रमाणपत्र आहे. त्या तोडीची, सर्वांनी मानलेली तपासणी मराठी संकेतस्थळांना अजून नाही, म्हणून तर जबाबदारी अधिक.

साधनाची पारख करण्याचा एक सोपा उपाय आहे. विकिपीडिया चालवणारी विकिमीडिया संस्था मराठी विकिपीडियाची पृष्ठदर्शने (पाने किती वेळा उघडली) आणि दरमहा भेट देणाऱ्या उपकरणांची संख्या, बॉट वेगळे काढून, सर्वांसाठी खुली ठेवते. ज्या साधनावरून यादी करायची, त्याला आधी मराठी विकिपीडियाच्या उपडोमेनचा अंदाज विचारावा आणि तो या आकड्यांशी ताडून पाहावा. फक्त पृष्ठदर्शनांची तुलना पृष्ठदर्शनांशीच व्हावी, भेटींशी नव्हे, कारण एका भेटीत अनेक पाने उघडली जाऊ शकतात. हा पडताळा, साधनाचे नाव, मोजणीचा महिना आणि आकड्याची खालची-वरची मर्यादा यांची चौकट पुढील यादीसोबत छापावी आणि ज्यांची मर्यादा एकमेकांत मिसळते अशा संकेतस्थळांना एकाच क्रमांकावर ठेवावे, ही विनंती.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
सांगली