पहिल्या रात्रीचा ताप आणि पाचव्या दिवसाचा ताप

आदरणीय सिस्टर,

सादर नमस्कार.

शस्त्रक्रिया विभागात मी पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर होते, तेव्हा वॉर्डाची रात्रपाळी तुमच्याकडे असे. त्या वेळी मानायचे राहून गेलेले आभार आज जाहीरपणे मानते आहे, कारण नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरांनीही ही हकीकत वाचावी असे मला मनापासून वाटते.

आतड्याचा काही भाग काढून जोडणी केलेला, साठ किलो वजनाचा तो रुग्ण तुम्हाला आठवत असेल. ऑपरेशनच्याच रात्री त्याला १०१ ताप भरला आणि सलग दोन तास लघवी ताशी २५ मिलिलिटरच्या वर गेली नाही. लघवी ताशी प्रतिकिलो किमान अर्धा मिलिलिटर हवी, म्हणजे त्याच्यासाठी ३० मिलिलिटर, हा हिशेब मला पाठ होता. त्यामुळे अर्धा लिटर सलाईन वेगाने सोडावे आणि अँटिबायोटिक बदलावे, अशी ऑर्डर लिहायला मी बसले होते. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "मॅडम, लिहायच्या आधी एकदा पेशंटपाशी चला."

तुम्ही त्याच्या छातीच्या मधल्या हाडावर अंगठा पाच सेकंद दाबून धरलात आणि उचललात. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा पूर्ववत झाला. तळहात ऊबदार होते, नाडी ९२ होती, रक्तदाब स्थिर होता. पापण्या मात्र सुजल्या होत्या. मग चार्टवरची बेरीज तुम्ही माझ्यासमोर ठेवलीत: थिएटर आणि वॉर्ड मिळून साडेचार लिटर आत गेले होते, आणि लघवी, ड्रेन (पोटातला स्राव बाहेर काढणारी नळी) व रक्तस्राव धरून दीड लिटरही बाहेर आले नव्हते. पाणी कमी पडलेले नव्हते, ते शरीरातच अडले होते. शस्त्रक्रियेच्या ताणामुळे पाणी धरून ठेवणारे संप्रेरक वाढते आणि पहिल्या एक-दोन दिवसांत लघवी कमी होते, हे मी वाचलेले होते, पण रुग्णाच्या अंगावर ते ओळखायला तुम्ही शिकवलेत. वर ओतलेल्या जादा सलाईनने आतड्याच्या भिंतीला सूज येते, आणि नवी जोडणी नेमकी त्याच भिंतीत असते. हात आखडण्यालाही मर्यादा आहे. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांच्या सुमारे ३,००० रुग्णांवरील, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत द्रव फार मोजून दिलेल्या गटात मूत्रपिंडाची इजा अधिक आढळली. म्हणूनच दर तासाला रुग्णाकडे पाहून ठरवायची तुमची पद्धत मला मोलाची वाटते.

तापाबद्दलही तसेच. पहिल्या ४८ तासांतला ताप बहुधा ऊतींना झालेल्या इजेची प्रतिक्रिया असतो आणि आपोआप उतरतो. जखमेतला नेहमीचा संसर्ग डोके वर काढायला साधारण पाच-सात दिवस घेतो. तरीही तुम्ही टॉर्च धरून ड्रेसिंगची कड उचलून पाहिलीत, कारण काही जंतू काही तासांतच ऊती कुजवत पसरतात आणि ते दुर्मीळ असले तरी वाट पाहत नाहीत. त्वचा स्वच्छ होती. मी अँटिबायोटिक बदलले नाही, वेगाने सलाईनही सोडले नाही. दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि पुढे लघवी मोकळी झाली.

पाचव्या दिवशी पहाटे साडेतीनला तुमचा फोन आला. ताप अवघा १००.४ होता, पहिल्या रात्रीपेक्षा कमी. पण नाडी ११८ आणि श्वास २६ वर गेले होते, पोट ताठ झाले होते आणि ड्रेनमधले पाणी गढूळ दिसत होते. "हा त्या रात्रीचा ताप नाही, मॅडम," हे तुमचे वाक्य मी वरिष्ठांना फोनवर जसेच्या तसे सांगितले. तातडीने सीटी स्कॅन झाला, जोडणी गळत असल्याचे कळले आणि सकाळपर्यंत रुग्ण पुन्हा टेबलावर होता. पुढे तो स्वतःच्या पायांनी घरी गेला, त्याचे श्रेय केस पेपरवर कुठेही तुमच्या नावे नाही, याची मला खंत आहे.

आता माझ्या राऊंडला तापाचा आकडा सांगणाऱ्या कनिष्ठांना मी आधी ऑपरेशनचा कितवा दिवस ते विचारते, मग नाडी विचारते आणि आत-बाहेरची बेरीज त्यांच्यासमोर स्वतः करते. त्या दोन रात्रींसाठी, आणि चार्टमधल्या प्रत्येक तासाच्या नोंदीसाठी, मी तुमची अत्यंत ऋणी आहे.

आपली नम्र,
तुमच्या वॉर्डातील एक माजी निवासी डॉक्टर