पितरांचा घास भुऱ्याला भरवण्याआधी मला हाक मारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुढच्या आठवड्यात पितृपंधरवडा सुरू होतोय. तिथीच्या दिवशी गायीचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा घास बाजूला काढायची आपली रीत आहे. माझ्या सासूबाई होत्या तोवर आमच्याकडे आधी हे घास निघायचे, मगच माणसांची पानं वाढली जायची. मला ही रीत मनापासून आवडते. तरी यंदा या पंधरवड्याची मला धास्ती वाटते आहे. म्हणून हे पत्र. जमल्यास पंधरवडा लागायच्या आत छापावे, ही विनंती.

माझ्याकडे भुऱ्या नावाचा गावठी कुत्रा आहे. पाच वर्षांपूर्वी ऐन पावसात गोडोलीच्या रस्त्याकडेला पोत्यावर पडलेला सापडला. दोनेक महिन्यांचा असेल. रक्ताची हगवण लागली होती, मान उचलत नव्हता. डॉक्टरांनी पाहताक्षणी पार्वो सांगितला, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांना होणारा विषाणूचा आजार. सहा दिवस सलाईन लावून तो वाचला. मी जिल्हा परिषदेच्या उपकेंद्रात 31 वर्षं आरोग्यसेविका होते. गावोगाव फिरून लेकरांना लसी टोचल्या. सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला पहिली लस आणि पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत डोस मिळाले, तर हा आजार बहुतेक टळतो. ते मात्र त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून मला कळलं. भुऱ्याला ती संधी मिळाली नव्हती. पार्वोतून वाचलेल्या काही कुत्र्यांचं पोट जन्मभर नाजूक राहतं, हेही डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. तसंच झालं.

पहिली दोन-तीन वर्षं आठवडा बरा जायचा, की पुन्हा पातळ शी. कधी आव पडायची, कधी पहाटे पोट इतकं गुरगुरायचं की शेजारच्या खोलीत ऐकू यायचं. सकाळी पिवळा फेस ओकायचा आणि मग दिवसभर पंजे चाटत बसायचा. सुरुवातीला माझ्या हातून एक मोठी चूक झाली. जुलाब थांबवायची माणसांची गोळी घरात होती, त्यातली अर्धी मी त्याला दिली. इतकी वर्षं औषधं वाटलेली बाई, मला वाटलं मला कळतं. डॉक्टरांनी चांगलं खडसावलं. पोटात संसर्ग असेल तर अशा गोळीनं घाण आतच कोंडते आणि काही जातींच्या कुत्र्यांच्या तर ती थेट मेंदूवर परिणाम करते. तापाच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या तर त्याहून घातक. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होतात. त्या दिवसापासून माझ्या औषधाच्या डब्यातलं काहीही भुऱ्याच्या तोंडात गेलेलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट सांगते, ती गेल्या वर्षीच्या आखाडातली.

आषाढ सरत आला की आमच्या गल्लीत घरोघर मटण शिजतं. त्या रविवारी मी लग्नाची बोलणी होती म्हणून वाईला गेले होते. भुऱ्या अंगणात बांधलेला. संध्याकाळी परत आले तर फाटकाशी पत्रावळ पडलेली, तिच्यावर लाल तर्रीचे ओघळ, चरबीचे तुकडे आणि चोखलेली हाडं. कुणीतरी मायेनं ठेवलं होतं. कुणी ते मला माहीत आहे. त्या काकूंचा माझ्या कुत्र्यावर जीव आहे, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

रात्री अकराला पहिली उलटी. मग दोनपर्यंत सात. शेवटी पोटात काही उरलं नाही तरी उबळ थांबेना. पाणी प्यायचा आणि ते तसंच बाहेर यायचं. मग तो एका विचित्र पद्धतीनं उभा राहिला. पुढचे पाय लांब करून छाती फरशीला टेकलेली, मागचा भाग वर. कुत्रं खेळायला बोलावताना असंच वाकतं, पण तेव्हा शेपूट हलत असते. भुऱ्याची शेपूट हलत नव्हती, डोळे एका जागी खिळलेले होते. पोटाला हात लावला तर ते पाटासारखं कडक. मी त्याच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली. उपकेंद्रात तान्ह्या बाळाच्या पोटावर करायचो तसं. कातडी लगेच खाली बसायला हवी. ती चिमटीच्या आकारात तशीच उभी राहिली आणि हळूहळू खाली गेली. ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबला, तर तीन मोजेपर्यंत गुलाबी रंग परत आला नाही. निरोगी कुत्र्यात दोन सेकंदांच्या आत येतो. लेकरांची असली लक्षणं मी आयुष्यभर पाहिली, आयांना जलसंजीवनीची पुडी लिटरभर पाण्यात कालवायला शिकवलं. पण ओकणाऱ्या कुत्र्याच्या घशात जबरदस्तीनं पाणी ओतलं, तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. पहाटेपर्यंत मी त्याच्याशेजारी फरशीवर बसून राहिले.

सकाळी भाच्याची गाडी बोलावली. आमच्या डॉक्टरांनी रक्त काढलं, सलाईन लावलं आणि सोनोग्राफीसाठी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायला सांगितलं. खंबाटकी घाट ओलांडेपर्यंत तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होता. निदान झालं, स्वादुपिंडाला सूज. या ग्रंथीत अन्न पचवणारे रस तयार होतात. एरवी ते आतड्यात गेल्यावर कामाला लागतात. सूज आली की ते ग्रंथीतच जागे होतात आणि ग्रंथीलाच पचवू लागतात. चरबीचं, तळणीचं एकच जेवण याला कारण होऊ शकतं. त्यातून रश्शात कांदा-लसूण. त्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि परिणाम त्याच दिवशी नाही, तीन-चार दिवसांनी दिसतो. म्हणून पुढचा आठवडाभर मी सकाळ-संध्याकाळ हिरड्या बघत होते, पांढऱ्या पडताहेत का. शिजवलेल्या हाडांच्या अणकुचीदार चिरफाळ्या होतात, त्यांची भीती वेगळीच. सुदैवानं एकही आतड्यात अडकली नव्हती. चार दिवस सलाईन चाललं. पाचव्या दिवशी त्याने दोन चमचे मऊ भात खाल्ला आणि पोटात ठेवला, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

त्यानंतर मी ठरवलं की याच्या पोटाचा छडा लावायचा. उपकेंद्रातल्यासारखं एक रजिस्टर आखलं. तारीख, काय खाल्लं, शी कशी, उलटी, पंजे चाटले का. तीन वेळा शी तपासून घेतली, जंत नव्हते, जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवीही नव्हता. मग एप्रिलमध्ये डॉक्टरांनी आहाराची परीक्षा सुरू केली. आठ आठवडे फक्त असं अन्न, जे त्याने पूर्वी कधीच खाल्लेलं नाही. तयार औषधी खाद्य मिळतं, पण माझ्या पेन्शनला ते झेपेना. म्हणून आम्ही कटला मासा आणि रताळं ठरवलं. मासा वाफवायचा, मीठसुद्धा नाही, आणि मग बोटांनी चाचपून एकेक काटा काढायचा. कटल्याचे बारीक दुबेळके काटे नजरेला दिसत नाहीत, बोटालाच लागतात. रोज पाऊण तास जायचा. घरच्या अशा जेवणात कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं कमी पडतात, त्यासाठी डॉक्टरांनी पूड दिली होती. आठ आठवडे बाकी काही म्हणजे काहीच नाही. बिस्किटाचा तुकडा नाही, चव असलेली गोळी नाही.

तिसऱ्या आठवड्यात भुऱ्याची शी बांधीव झाली. रजिस्टरमध्ये सलग बारा दिवस मी ‘ठीक’ लिहिलं. पाच वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तेहेतिसाव्या दिवशी गल्लीतल्या एका आजोबांचा नातू दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला. मोती चौकातून कंदी पेढे आणले, साऱ्या गल्लीला वाटले, आणि भुऱ्यालाही आनंदानं एक भरवला, वर दोन ग्लुकोजची बिस्किटं. मी सांगायला गेले तर म्हणाले, “नर्सबाई, एका पेढ्यानं काय होतंय? शुभ आहे.” दुसऱ्या दिवशी पाण्यासारखी शी. डॉक्टर म्हणाले, पेढ्यानं झालं, बिस्किटानं झालं की आणखी कशानं, हे आता कळायला मार्ग नाही. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करा. मी पुन्हा केली. पुन्हा आठ आठवडे मासा, पुन्हा काटे.

जुलैत ती परीक्षा पुरी झाली. मग एकेक पदार्थ आठवडाभर परत देऊन पाहिला. भात चालला. अंडं चाललं. लाल भोपळा उत्तम. चिकन साल काढून, उकडून चालतं. दूध दिलं तर सहा तासांत गडबड. वयात आलेल्या पुष्कळ कुत्र्यांना दुधातली साखर पचतच नाही. आणि गव्हानं दोन दिवसांत पातळ शी आणि पंजे चाटणं सुरू. गहू बंद केला, सगळं थांबलं. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा तेच. म्हणजे माझ्या लेकराला पोळी बाधते. बहुतेक कुत्र्यांना पोळी चालते, भुऱ्याला चालत नाही. ही साधी गोष्ट लोकांना पटवताना माझा जीव मेटाकुटीला येतो. टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकाकडे सकाळी फिरायला नेते तेव्हा कुणीतरी पुड्यातून बिस्किट काढतंच. नको म्हटलं तर माणसं दुखावतात, मी कुत्र्याला उपाशी ठेवते असं म्हणतात. मी त्याला दिवसातून चार वेळा थोडं थोडं खाऊ घालते आणि प्रत्येक घास मोजून घालते.

म्हणून वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे. दुसऱ्याच्या कुत्र्याला काहीही देण्याआधी त्याच्या माणसाला विचारा. श्राद्धाच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो, हे खरं, पण वडे आणि भजी तेलात तळलेली असतात, खीर दुधाची असते, आणि पुष्कळ घरी खिरीत मनुका, बेदाणे घालतात. द्राक्षं आणि मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. मूठभर लागतात असंही नाही, एखाद्याला थोड्याशानेही होतं. त्यांच्यातल्या ज्या आम्लावर संशय आहे, तेच चिंचेतही असतं. त्यामुळे चिंच घातलेलं काहीही नको. हे रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही लागू आहे. फक्त त्यांचं पोट बिघडलं तर रजिस्टरमध्ये लिहून ठेवायला कुणी नसतं. त्यांना खाऊ घालू नका, असं माझं मुळीच म्हणणं नाही. साधा भात, कोरड्या भाकरीचा तुकडा, उकडलेलं अंडं द्या. पितरांच्या नावानं दिलेला घास खाणाऱ्याला पचावा, एवढंच बघा.

आणि ज्यांच्या घरी असं नाजूक पोटाचं कुत्रं आहे, त्यांना अनुभवाचे दोन शब्द सांगते. खाद्य बदलायचं तर एका दिवसात बदलू नका. जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत सात ते दहा दिवस घ्या. साध्या जुलाबात मऊ भात आणि साल काढलेलं उकडलेलं चिकन दोन-तीन दिवस पुरतं, पण ते कायमचं जेवण नव्हे. उलट्या थांबत नसतील, शीमध्ये रक्त दिसलं, पिल्लू असेल किंवा कुत्रं मी वर लिहिलं तसं छाती टेकून उभं राहिलं, तर सकाळची वाट बघू नका. मी त्या रात्री वाट बघितली. रात्री उघडा असलेला जनावरांचा दवाखाना मला माहीत नव्हता आणि मी आधी कधी शोधूनही ठेवला नव्हता. आता दोन फोन नंबर फाटकाच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत.

भुऱ्याच्या गळ्यात मी पिवळ्या कापडाची पट्टी शिवून घातली आहे. तिच्यावर काळ्या दोऱ्यानं ‘मला खायला देऊ नका’ असं भरलं आहे. पण संध्याकाळच्या उजेडात ते वाचता येत नाही, आणि ज्याच्या हातात घास आहे त्याचं लक्ष कुत्र्याच्या डोळ्यांकडे असतं, गळ्याकडे नसतं.

आमच्या शनिवार पेठेतल्या ज्यांना तिथीच्या दिवशी भुऱ्यालाच घास द्यायचा आहे, त्यांनी खुशाल या. तुमच्या पितरांसाठी मी नाही म्हणणार नाही. फक्त पान घेऊन येऊ नका. फाटकाची कडी वाजवा, मी उकडलेल्या रताळ्याची फोड तुमच्या हातावर ठेवीन, ती तुम्ही तुमच्या हातानं भरवा. पंधराही दिवस सकाळी अकरापासून मी घरीच आहे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त आरोग्यसेविका
शनिवार पेठ, सातारा