काकांना पाणी देण्याआधी

प्रिय वैशू,

स्ट्रोकनंतर काकांच्या नाकात घातलेली अन्नाची नळी निघाली, हे कळून जीव भांड्यात पडला. पण तू विचारलंस, "आता बोलतायत नीट, मग स्पीच थेरपिस्ट कशाला?" अगं, जीभ, ओठ, घसा बोलायला लागतात तसेच गिळायलाही, म्हणून गिळण्याचं खातंही आम्हा स्पीच थेरपिस्टांच्याच गळ्यात! स्ट्रोकनंतर सुरुवातीला जवळपास निम्म्या पेशंटना गिळायला त्रास होतो. बहुतेकांचं काही आठवड्यांत बरंच सुधारतं, पण नळी निघाली म्हणजे सगळं पूर्ववत झालं असं नाही.

भेटायला येणारा जो तो म्हणेल, "जेवण राहू दे, दोन घोट पाणी तरी द्या." नेमकं तेच अवघड असतं. पाणी घशात झरकन उतरतं, आणि मंदावलेल्या घशाला श्वासनलिका झाकायला वेळच मिळत नाही. म्हणून तर थिकनर, म्हणजे पाणी दाट करायची पावडर, दिलाय. तो सांगितलेल्या मापानेच घाल. काकूंना दया येऊन त्या पातळ करतील, लक्ष ठेव. जास्त घट्टही नको, घशात चिकटून राहतं.

ठसका लागला नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. घशाची जाणीवच कमी झाली असेल, तर घास श्वासनलिकेत गेलेला कळतही नाही. घोटानंतर "आ" म्हणायला लाव. आवाज ओला, घरघरता आला तर भरवणं थांबव. ताप आला किंवा धाप लागली तर लगेच डॉक्टरांना दाखव.

भरवताना ताठ बसव, टीव्ही बंद. चहाचा चमचा घे, आणि पहिला घास उतरल्याशिवाय दुसरा नको. त्यांचा उजवा गाल लुळा आहे ना, तिथे घास साठतो. जेवणानंतर टॉर्च लावून बघ. मग अर्धा तास आडवं होऊ देऊ नकोस. दात मात्र दोन्ही वेळा घासायचेच, कारण तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होऊ शकतो.

गुरगुट्या भात, मेतकूट, तूप एकजीव कालवून चालेल का, ते तिथल्या थेरपिस्टना विचार. सुटा भात आणि पातळ आमटी नकोच: पाणी पुढे पळतं, शितं मागे राहतात. पोहे, चिवडाही नको. गोळ्या परस्पर कुटू नकोस, काही कुटायच्या नसतात.

आणि ते व्हॉट्सॲपवरचं "हनुवटी खाली करून गिळा" सगळ्यांना लागू पडत नाही. दुर्बिणीने घसा तपासून मगच ठरवू. शनिवारी येतेय, तेव्हा काकांचे रिपोर्ट काढून ठेव.

तुझीच,
मीनू