विन्याला, वाऱ्याच्या बेटांवरून

प्रिय विन्या,

तुझे तीन मेसेज आले होते. एकालाही उत्तर दिलं नाही, कारण बोटं वळत नव्हती. दहा दिवस वाऱ्यात सायकलचं हँडल गच्च धरून ठेवल्यावर चमचासुद्धा दोन हातांनी धरावा लागतो. आता लुईस बेटावरच्या स्टॉर्नोवे गावात, हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात बसलोय, उद्याच्या बोटीची वाट बघत.

"एकट्याला कंटाळा नाही का आला?" असं तू विचारलंस. ऐनवेळी टांग दिलेल्या माणसाने हे विचारू नये, तरी सांगतो.

आउटर हेब्रिडीज म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये पसरलेली बेटांची माळ. दक्षिणेला व्हॅटरसे बेटापासून निघून लुईसच्या उत्तर टोकाच्या दीपगृहापर्यंत २९७ किलोमीटर, दहा बेटं. मधली सहा अंतरं समुद्रात भराव टाकून केलेल्या रस्त्यांवरून जायची आणि दोन बोटीने. धट्टेकट्टे लोक हे तीन-चार दिवसांत उरकतात. यातल्या ‘बारा’ नावाच्या बेटावर विमानतळ म्हणजे चक्क समुद्राची वाळू! ओहोटी लागली की त्यावर विमान उतरतं, त्यामुळे वेळापत्रक भरतीला विचारून ठरतं.

सगळे सांगतात, दक्षिणेकडून उत्तरेकडे जा, वारा नैर्ऋत्येचा असतो, पाठीत ढकलत नेईल. माझ्या वाट्याला तीन दिवस उत्तरेचा आला. साउथ युइस्ट बेटाचा रस्ता सपाट, चढ असा नाहीच, तरी मी पहिल्या गिअरवर. आडोशाला झाड नाही, बांध नाही. दोघं असतो तर आळीपाळीने पुढे राहून वारा अडवला असता, मागच्याला जरा तरी दम खाता आला असता. एकट्याने जाण्याची खरी किंमत ही, विन्या. बाकी एकटेपणाबिकटेपणा काही नाही. भररस्त्यात तुला कचकचून शिव्या घातल्या, अस्सल इचलकरंजीच्या. एका मेंढीने तेवढी मान वर करून पाहिलं.

रात्री तंबूत पडलो की गवतातून कर्र-कर्र, कर्र-कर्र. कंगव्याच्या दातांवरून नख ओढावं तसं. कॉर्नक्रेक नावाचा पक्षी. इतर ठिकाणी दुर्मीळ झालाय म्हणून लोक मुद्दाम ऐकायला येतात. मी पहाटे दोनला उठून त्यालाही शिव्या घातल्या.

बर्नरे बेटावरून तासाभराच्या बोटीने हॅरिसला उतरलो त्या गावाचं नाव लिव्हरबर्ग. हा लिव्हर म्हणजे आपल्या लाइफबॉयवाला! १९१९ मध्ये त्याने हॅरिस विकत घेतलं, मासेमारीचं मोठं बंदर करायला निघाला, गावाला स्वतःचं नाव लावलं. १९२५ मध्ये तो गेला आणि बेत तिथेच बसला. नाव तेवढं राहिलं.

मी पोचलो शनिवारी संध्याकाळी उशिरा. दुकान बंद. आणि हॅरिस-लुईसचा रविवार म्हणजे देवाचा वार, कडक पाळलेला. काही घरी तर वाळत घातलेले कपडेही दिसत नाहीत. स्टॉर्नोवेहून रविवारची बोटसुद्धा २००९ मध्ये सुरू झाली, तीही बऱ्याच वादानंतर. माझ्याकडे उरलं होतं मूठभर तांदूळ आणि आईचं मेतकूट. पांढऱ्याशुभ्र वाळूच्या किनाऱ्यावर, दात वाजत असताना, मेतकूट-भात. तूप नव्हतं, हे आईला सांगू नकोस.

सायकल त्या दिवशी हलवली नाही. श्रद्धा वगैरे नाही, मांड्या दुखत होत्या. चालत चर्चपर्यंत गेलो आणि बाहेर उभा राहिलो. आत गेलिक भाषेतली स्तोत्रं चालली होती. एक जण ओळ टाकतो आणि मग सगळे ती आपापल्या लयीत, आपापल्या हरकती घेत उचलतात. वाद्य एकही नाही. आपल्या भजनी मंडळातले टाळ-मृदंग काढून घ्यावेत आणि नुसते गळे ठेवावेत, तसं. भिजत उभा होतो ते कळलंच नाही.

आता तुझ्या कामाचं. लुईसमध्ये एका विणकराच्या शेडमध्ये शिरलो. हॅरिस ट्वीड या इथल्या लोकरी कापडाच्या नावाला १९९३ च्या कायद्याचं संरक्षण आहे. कापड याच बेटांवर, विणकराच्या घरी, हाताने विणलेलं हवं. हाताने म्हणजे विजेशिवाय. आणि हा माग कसा चालतो, सांग? पायडलवर! बाबा आसनावर बसून सायकल मारतो आणि समोर कापड सरकतं. आवाज मात्र थेट तुमच्या गल्लीतल्या मागांचा. "इतके दिवस पायडल मारून तू इथवर आलास," तो म्हणाला, "मी तीस वर्षं मारतोय, अजून शेडमध्येच." मला पाच मिनिटं बसू दिलं. दोन धागे तोडले, मग त्यानेच उठवलं.

शेवटच्या दिवशी मागची एक तार तुटली, चाक लंगडायला लागलं. तू दिलेल्या पान्याने आउट काढला, म्हणजे चाक सरळ केलं, अर्धा तास लागला. मग लाल विटांचं दीपगृह, खाली खवळलेला समुद्र, पुढे रस्ता नाही. फोटो काढायला कुणी नव्हतं; सायकलचाच काढला.

डिसेंबरात येतोय. रेवसपासून किनाऱ्याने खाली उतरू. तुझी सायकल माळ्यावरून काढ, टायर बदल, जुन्यांना भेगा पडल्या असतील. काकूंना नमस्कार. आणि पहिले वीस किलोमीटर पुढे तू राहायचंस, आत्ताच सांगून ठेवतो.

तुझा,
सुध्या