पान 17

सांगली, 18 जानेवारी 2026

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तू घेणार आहेस त्या जिमच्या फ्रँचायझीचा, व्हॉट्सॲपवर पाठवलेला करार फोनवर वाचवेना, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला. बत्तीस पानं. दोन दुपारी पेन्सिल घेऊन बसले होते. बाबा म्हणाले, वकिलाला दाखवू. दाखवू की, पण त्याआधी पान 17 तू पुन्हा एकदा वाच.

'प्रशिक्षण फ्रँचायझी फीमध्ये समाविष्ट' ही ओळ बघून तू खूश झालीस. त्याच्या खालचं बघ. समाविष्ट आहे ते तुझं आणि दोन ट्रेनरचं, बंगळूरला, दहा दिवस. जाणंयेणं, राहणं, जेवण आपल्याकडे. त्या दहा दिवसांचा ट्रेनरचा पगारही आपल्याकडे, आणि तोवर कोथरूडच्या गाळ्याचं भाडं सुरू झालेलं असणार. चौथ्या माणसापासून फी 'त्या वेळी लागू असलेल्या दराने'. तो दर किती, हे बत्तीस पानांत कुठेच नाही. आणि कंपनीचं सर्टिफिकेट नसलेल्या ट्रेनरने क्लास घ्यायचा नाही, हे आहे पान 21 वर. दोन्ही पानं शेजारी ठेव. ट्रेनर सोडून जातातच, हे तुला मी काय सांगू? तूच चार वर्षांत तीन जिम बदलल्यास.

आपली बालवाडी आठवते? तीही फ्रँचायझीच. 2007 साल, तू पाचवीत होतीस. तिघी बाईंना मुंबईला शिकायला पाठवलं, तेही 'फीमध्येच' होतं. दिवाळीपर्यंत एक लग्न होऊन साताऱ्याला गेली. दुसरीला ते सर्टिफिकेट बघूनच पलीकडच्या शाळेने जास्त पगारावर उचललं. नव्या दोघींची फी वेगळी, शिवाय दरवर्षीचं उजळणी शिबिर, तेही सक्तीचं. माझी लाल वही काल काढली. पहिल्या वर्षी 'प्रशिक्षण' या शब्दापुढे रेघ, दुसऱ्या वर्षी 38,400. त्याच पानावर माझ्या पाटल्यांची नोंद आहे, सोनाराने दिलेल्या भावासकट. तुला वाटतं त्या लॉकरमध्ये आहेत.

आता जीएसटी. 22 सप्टेंबर 2025 पासून जिमच्या मेंबरशिपवरचा कर 18 टक्क्यांवरून 5 वर आला, म्हणून तू तुझ्या शीटमध्ये 5 टाकून मोकळी झालीस. पण त्या 5 टक्क्यांसोबत इनपुट क्रेडिट, म्हणजे आपण बिलांवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. कंपनी फ्रँचायझी फीवर, रॉयल्टीवर, प्रशिक्षणाच्या बिलावर 18 टक्के लावणार आणि ते पूर्वीसारखे वळते करून घेता येणार नाहीत. 10 लाखांच्या फीवर 1 लाख 80 हजार. तुझ्या शीटमध्ये ते 'परत येणारे' या रकान्यात आहेत. खोडून टाक.

रॉयल्टी, म्हणजे कंपनीचा कमाईतला वाटा, तोही नफ्यावर नाही, जमा रकमेवर आहे. जानेवारीत लोक उत्साहाने वर्षाचे पैसे भरतात, कंपनीचा वाटा लगेच जातो आणि पगार मात्र डिसेंबरपर्यंत तुला द्यायचे.

टेक्सासच्या तुझ्या मामेभावाने असाच स्टुडिओ घेतला, तेव्हा कंपनीला सहीच्या किमान 14 दिवस आधी 23 मुद्द्यांचा खुलासा त्याच्या हातात द्यावा लागला. तिथे तसा नियमच आहे. त्यातला 11 वा मुद्दा प्रशिक्षणाचा: कुठे, किती तास, कोण शिकवणार, खर्च कोणाचा. सोडून गेलेल्या मालकांची नावंसुद्धा द्यावी लागतात! आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, 1872 चा करार कायदा आहे. तेव्हा लिहून घेशील तेवढंच तुझं.

मी नको म्हणत नाहीये. तुझा सकाळी सहाचा क्लास मी पाहिलाय, साठीच्या बायका भर पावसात येतात तुझ्यासाठी. मार्चमध्ये एफडी सुटतेय, ती तुझीच. फक्त त्यांना मेल टाक, फोन नको. चौथ्या माणसाची फी आकड्यात लिहा म्हणावं, आणि ती पाच वर्षांत किती वाढेल तेही. आमच्यातलाच एक जण नव्यांना शिकवण्यापुरता तयार करून द्या, म्हणजे प्रत्येकाला बंगळूरला धाडायला नको. हे दुसरं मी तेव्हा मागायला हवं होतं. सुचलंच नाही.

बाबा गुरुवारी पुण्याला येतायत. खुणा केलेली प्रत आणि डिंकाचे लाडू त्यांच्याबरोबर देते. डबा परत पाठव, मागचे दोन अजून तुझ्याकडेच आहेत.

तुझी,
आई